कुरुंदवाडची पंचक्रोशी : तीर्थाबरोबर गावही पाहावे



दिवाळीचा हंगाम सरला, लाभपंचमीचा मुहूर्त झाला आणि पेढीवर नवी वही मांडली गेली, की हिंदमाताच्या कापडबाजारातील घरांत यात्रेची बोलणी सुरू होतात. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, साधु-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात, शत्रुंजयाची वाट भाविकांसाठी मोकळी होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या यादीत पालिताणा, शंखेश्वर, आबू, सम्मेतशिखर ही नावे ठरलेली असतात. कोणी दूर दक्षिणेला श्रवणबेळगोळपर्यंत जातात. मात्र आपल्याच राज्याच्या दक्षिण टोकाला, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठी, जैन धर्माची एक हजार वर्षांची वस्ती आहे. ती पाहण्यासाठी मुद्दाम जाणारी मुंबईकर कुटुंबे थोडी. या महिन्याच्या लेखात कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड हे लहानसे संस्थानी गाव आणि त्याच्या आसपासची ठिकाणे यांची ओळख करून द्यावी, असे योजिले आहे.

या प्रदेशाचे एक वैशिष्ट्य आरंभीच सांगितले पाहिजे. मुंबईत वाढलेल्या आपल्या मुलांना जैन म्हटले की शहा, मेहता, कोठारी, संघवी ही आडनावे आठवतात आणि दुकान आठवते. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतील जैनांची आडनावे पाटील, मगदूम, चौगुले अशी आहेत. ती मंडळी ऊस लावतात, म्हशी पाळतात, गावचे कारभार पाहतात, आणि त्यांच्या घरची भाषा मराठी आहे, सीमेलगत कानडीही. जिनवाणी ते मराठीत ऐकतात. ज्या मराठी विभागात आपण हा लेख वाचत आहात, त्या मराठीचे एक मोठे जैन घर तिकडे आहे. त्या घरी आपण पाहुणे म्हणून एकदा तरी जावे.

जाण्याचा मार्ग आणि काळ

दादरहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडावी आणि सकाळी जयसिंगपूरला उतरावे. हे गाव राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने १९१७ साली वसविले. रेल्वेच्या कडेने सरळ, रुंद रस्ते आखून मुद्दाम व्यापारासाठी वसविलेली ही पेठ आहे, ही गोष्ट व्यापारी माणसाच्या नजरेतून सुटणार नाही. येथून वाहन ठरविले तर पुढची सर्व ठिकाणे दोन दिवसांत निवांतपणे पाहून होतात.

काळ मात्र विचारपूर्वक निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये येथील नद्यांना पूर येतो. त्या दिवसांत जाऊ नये. कार्तिकी पौर्णिमेपासून माघाअखेरपर्यंतचा काळ उत्तम. शिवारात ऊसतोड चालू असते, हवा कोरडी असते आणि सूर्य लवकर मावळत असल्याने चौविहाराची वेळ सांभाळून दिवस आखावा लागतो, एवढेच. हॉटेलात कांदा-लसणाशिवाय करून देतात, कंदमुळाचे मात्र आधी स्पष्ट सांगावे. दुपारच्या शिदोरीत खाखरे, दशम्या आणि कोरडी चटणी असली की वाटेत कोणाचीही वाट पाहावी लागत नाही.

कुरुंदवाड

अठराव्या शतकात पेशव्यांनी पटवर्धन घराण्याला दिलेली ही जहागीर. पुढे वाटण्या होऊन थोरली पाती आणि धाकटी पाती झाली, आणि १९४८ साली दोन्ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. गाव लहान आहे. जुने वाडे, अरुंद पेठ आणि नदीवरचा दगडी घाट पाहायला दोन तास पुरतात. घाटावर मराठ्यांचे सेनापती संताजी घोरपडे यांची म्हणून मानली जाणारी समाधी आहे. औरंगजेबाच्या सैन्याला ज्यांच्या नावाची धास्ती होती, त्या सेनानीचे स्मारक इतके शांत, इतके साधे असावे, याचे पाहणाऱ्याला नवल वाटते.

या गावाने महाराष्ट्राला दोन मोठी माणसे दिली. पहिले पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांचा जन्म येथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी झाला. बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका चेहऱ्याजवळ उडाला आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. उपचारासाठी ते मिरजेला गेले आणि तेथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये ते मुंबईत आणले. राजदरबारातले गाणे त्यांनी सामान्य घरापर्यंत पोचविले. दिवाळीत फटाके न उडविण्याचा नियम आपल्या अनेक घरांत जीवदयेपोटी पाळला जातो. मुलांना तो नियम समजावून सांगायला कुरुंदवाडच्या या मुलाची कथा पुरेशी आहे.

दुसरे अण्णासाहेब लठ्ठे. १८७८ साली कुरुंदवाडात जन्मलेले हे जैन गृहस्थ पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ च्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. राजर्षी शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र त्यांनी लिहिले, जैन धर्माचा परिचय करून देणारा इंग्रजी ग्रंथही लिहिला. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत ते होते. हीच सभा आज दक्षिण भारत जैन सभा म्हणून ओळखली जाते. शेतकरी जैन मुलांसाठी वसतिगृहे, मुलींसाठी श्राविकाश्रम, आणि ‘प्रगति आणि जिनविजय’ हे मराठी मुखपत्र हे तिचे काम. दानाचा ओघ शिक्षणाकडे वळविण्याचा आग्रह शंभर वर्षांपूर्वी या नदीकाठच्या माणसांनी धरला होता.

गणेशोत्सवात कुरुंदवाडच्या पाच मशिदींत गणपती बसतो, हेही येथे सांगावे. हिंदू आणि मुसलमान मिळून तो बसवितात. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पीर आणि गणपती एका छताखाली असतात. अनेकांत हा शब्द आपण प्रवचनात ऐकतो. येथे तो गल्लीत, शेजाऱ्यांच्या परस्पर वागण्यात दिसतो.

नृसिंहवाडीचा संगम

कुरुंदवाडला लागूनच, नदीच्या पलीकडे नृसिंहवाडी आहे. लोक तिला प्रेमाने नरसोबाची वाडी म्हणतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंह सरस्वतींनी बारा वर्षे वास्तव्य केले, अशी दत्तसंप्रदायाची श्रद्धा आहे, आणि तेथे त्यांच्या पादुकांची पूजा होते. देऊळ नदीपात्रालगत, पायऱ्या उतरून खाली आहे. पावसाळ्यात पाणी गाभाऱ्यात शिरते, तेव्हा वाडीची माणसे त्याचा उत्सव करतात. उत्सवमूर्ती वर हलवितात आणि पाणी दक्षिणद्वारातून वाहू लागले की त्या पाण्यात स्नान करतात. आपली उपासना निराळी असली, तरी नदीचा स्वभाव जाणून घेऊन तिच्याशी जुळवून घेण्याची ही रीत पाहण्यासारखी आहे.

वाडीचे पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी प्रसिद्ध आहेत. ज्यांचा बहुबीज त्यागाचा नियम आहे, त्यांनी कवठाऐवजी पेढे घ्यावेत. आणि घ्यावेत ते त्या दिवशी संपतील इतकेच. खव्याच्या पदार्थाची कालमर्यादा आपल्या घरातील ज्येष्ठांना ठाऊक असतेच.

खिद्रापूर : दगडात थांबलेले बारावे शतक

कुरुंदवाडहून पूर्वेकडे उसाच्या मळ्यांतून जाणारा रस्ता खिद्रापूरला संपतो. कृष्णेच्या वळणात वसलेले हे महाराष्ट्राच्या कडेचे गाव. नदीच्या पलीकडे कर्नाटक. येथील कोपेश्वर मंदिर कोल्हापूरच्या शिलाहार राजांच्या काळात, बाराव्या शतकात उभे राहिले. त्याच्या बांधणीशी गंडरादित्य या राजाचे नाव जोडले जाते. मंदिराचा पायथा हत्तींच्या रांगेने उचलून धरला आहे. नव्वदांहून अधिक हत्ती, प्रत्येकावर निरनिराळे स्वार. अनेकांच्या सोंडा आज तुटलेल्या आहेत, तरी रांगेची लय तुटलेली नाही.

प्रवेश करताच जो स्वर्गमंडप लागतो, तो या मंदिराचा प्राण. अठ्ठेचाळीस खांबांच्या या मंडपाचे छत मध्यभागी गोल उघडे आहे आणि त्या गोलाच्या परिघाखाली बारा खांब उभे आहेत. छिद्राच्या बरोबर खाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र या गोलाच्या मधोमध येतो आणि शिळा चांदण्याने भरून जाते. यामागे चमत्कार नाही, ज्योतिर्गणित आहे. कार्तिकात सूर्य आकाशात जितका दक्षिणेला कललेला असतो, साधारण तितकाच पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला असतो, आणि खिद्रापूरचे अक्षांशही जवळपास तेवढेच आहेत. म्हणून मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र येथे जवळजवळ डोक्यावर येतो. बाराव्या शतकातील स्थपतीला आकाश किती जवळून ठाऊक होते, याचा हा दाखला. आपल्या चातुर्मासाची समाप्ती आणि या मंडपातील चांदणे एकाच रात्री येतात. शक्य असेल त्यांनी तो योग साधावा.

शंकराच्या देवळासमोर नंदी नाही, हे मुलांच्या लगेच ध्यानात येईल. दक्षाच्या यज्ञाला जाताना सती नंदीवरून गेली, म्हणून नंदी नदीपलीकडे कर्नाटकातील यडूर येथे आहे, अशी कथा गावकरी सांगतात. गाभाऱ्यात कोपेश्वराबरोबर विष्णुरूप मानले जाणारे धोपेश्वराचे लिंगही आहे.

बहुतेक प्रवासी येथून परत फिरतात. आपण मात्र गावात आणखी थोडे पुढे जावे. वस्तीच्या आत आदिनाथ भगवानांचे प्राचीन दिगंबर जैन मंदिर आहे. तोच काळा दगड, त्याच घडणीचे खांब, पण आकाराने लहान आणि अलंकाराने मोजके. कोपेश्वर पाहून डोळे भरलेले असताना या मंदिरात आले, की मन हळूहळू स्थिर होते. दोन देवळे एका गावात, एका काळात, एकाच परंपरेच्या कारागिरांनी उभी केलेली. त्या काळच्या राजाचे धोरण समजून घेतले, की हे शेजार अपघाताचे नव्हते हे कळते. गंडरादित्याच्या १११० सालच्या ताम्रपटात नोंद आहे की त्याने मिरज प्रांतात गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठावर शिव, बुद्ध आणि अर्हत् अशा तिघांची स्थापना करून तिघांनाही जमीन दिली. आजऱ्याला त्याने बांधविलेल्या त्रिभुवनतिलक नावाच्या जिनालयात पुढे १२०५ साली सोमदेव या जैन पंडितांनी व्याकरणावरील ग्रंथ पूर्ण केला. ज्ञानपंचमीला आपण ग्रंथांची पूजा करतो. त्या ग्रंथांपैकी काही कोठे लिहिले गेले, ती भूमी ही आहे.

व्यापाऱ्यांचा एक जुना ठराव

याच शिलाहार काळातील एक शिलालेख आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. गंडरादित्याचा निंबदेव नावाचा एक जैन सामंत होता. त्याने कोल्हापुरात रूपनारायण बसदी बांधली, आणि कवडेगोळ्ळ या बाजारपेठेत पार्श्वनाथांचे मंदिर उभे केले. इसवी सन ११३५ च्या लेखात असे नमूद आहे, की वीरबणंजू या व्यापारी संघाने एकत्र जमून या मंदिरासाठी बाजारात येणाऱ्या मालावर ठरावीक हिस्सा देण्याचे मान्य केले. कोल्हापूर, मिरज यांसह अनेक पेठांचे व्यापारी त्या सभेत होते.

या लेखातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, मंदिर एकांतातील डोंगरावर नव्हते, ते बाजारात होते. भाव ठरत होता त्याच ठिकाणी भगवान विराजमान होते. दुसरी, दान हे वर्षाअखेर नफा मोजून उरलेल्यातून द्यायचे नव्हते. माल पेठेत आला, की त्याच क्षणी त्यातील हिस्सा धर्माचा झाला. हिंदमाताच्या दुकानदाराने आपल्या गल्ल्यातील पहिल्या विक्रीचा काही भाग बाजूला काढून ठेवावा, तसाच तो ठराव; फरक इतकाच, की तो सर्व पेठेने मिळून दगडात कोरून घेतला होता. धर्म आणि धंदा यांची वेगळी खाती त्या पूर्वजांनी मांडली नव्हती.

दुसरा दिवस : नांदणी आणि कुंभोज

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदणीचा जिनसेन भट्टारक मठ पाहावा. या परिसरातील शेकडो गावांतील श्रावक त्याला आपले धर्मपीठ मानतात. येथील महादेवी हत्तिणीचे प्रकरण वाचकांना ठाऊक असेल. तीन दशकांहून अधिक काळ मठात राहिलेली ही हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार गुजरातमधील वनतारा येथे नेण्यात आली. तिला परत आणण्यासाठी हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूकपणे चालत गेले. त्यांत जैनेतर गावकरीही मोठ्या संख्येने होते. एकीकडे मुक्या जिवाच्या प्रकृतीची काळजी, दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा जिव्हाळा. दोन्ही बाजू अहिंसेचाच आधार घेत होत्या. मठात उभे राहून हा प्रश्न मुलांपुढे मांडावा आणि उत्तर त्यांना शोधू द्यावे. तयार उत्तरापेक्षा असा प्रश्न त्यांच्या मनात अधिक काळ राहील.

नांदणीहून कुंभोजच्या बाहुबली डोंगराकडे जावे. पायथ्याशी बाहुबली ब्रह्मचर्याश्रम आहे; मुनिश्री समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने तो १९३४ साली सुरू झाला. त्याआधी १९१८ मध्ये त्यांनीच कारंजा येथे गुरुकुल उभे केले होते. धर्मशिक्षण आणि शालेय शिक्षण एकाच छताखाली देणारी ही परंपरा आजही चालू आहे. आश्रमाच्या आवारात भगवान बाहुबलींची २८ फूट उंचीची, शुभ्र संगमरवरी खड्गासन मूर्ती आहे. तिची प्रतिष्ठा १९६३ साली झाली. श्रवणबेळगोळची मूर्ती पाहताना मान वर करावी लागते आणि मन दबून जाते. येथील मूर्ती त्या मानाने माणसाच्या जवळची आहे. वेली अंगावर चढल्या आहेत, भरताला जिंकूनही राज्य सोडून दिलेला तो भाऊ डोळे मिटून उभा आहे. व्यापारी कुटुंबांत भावाभावांच्या वाटण्या हा नाजूक विषय असतो. जिंकण्याची शक्ती असताना हात खाली घेणारा हा भाऊ दोन भावांनी, शक्य असेल तर एकत्र येऊन पाहावा.

सुमारे चारशे पायऱ्या चढून डोंगरावर गेले, की जुनी मंदिरे लागतात. दिगंबर मंदिरांबरोबरच येथे श्वेतांबर संघाचे जगवल्लभ पार्श्वनाथांचे तीर्थही आहे. एका डोंगरावर दोन्ही आम्नाय शतकाहून अधिक काळ शेजारी नांदत आहेत. काही तीर्थांच्या बाबतीत दोन संप्रदायांचे वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालले आहेत, हे आपण जाणतो. म्हणून या डोंगरावर चढताना दोन्हीकडे दर्शन करून उतरावे. ज्येष्ठांनी चढण सकाळीच करावी. ज्यांना शक्य नाही, त्यांना पायथ्याच्या मूर्तीचे दर्शन सुखाने होते. धर्मशाळा आणि भोजनालय पायथ्याशी आहेत.

कुंभोज गाव आणखी एका नावासाठी वंदनीय आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन घरात झाला. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात ते काही काळ होते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली. स्वावलंबनातून शिक्षण, म्हणजे विद्यार्थ्याने कष्ट करून शिकावे, हे त्यांचे सूत्र. ग्रामीण महाराष्ट्रातील लक्षावधी मुले रयतच्या शाळांतून शिकली. त्यांत जैन थोडी होती, हे विशेष. साधर्मिक भक्तीच्या पलीकडे जाणारे दान कसे असते, ते पाहायचे असेल तर कर्मवीरांकडे पाहावे.

इचलकरंजी : आपल्या दुकानातील कापडाचे माहेर

परतीच्या गाडीपूर्वीची दुपार इचलकरंजीसाठी राखून ठेवावी. प्रवासवर्णनांत हे शहर क्वचितच येते. पण आपण कापडवाले; आपल्यासाठी तेही दर्शनीय आहे. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग चालविला. आज शहराच्या गल्लीगल्लीत मागांचा खडखडाट ऐकू येतो. आपल्या फडताळातील पॉपलीन, केंब्रिक, अस्तराचे आणि धोतराचे कापड यांतील मोठा भाग येथे विणला जातो.

ओळखीच्या दलालाला किंवा अडत्याला सांगून एखादा कारखाना आतून पाहावा. सूत सायझिंगला जाते, तेथे खळ लागून बीम भरते, बीम मागावर चढते, आणि निघालेले ग्रे कापड तपासून त्याचे तागे बांधले जातात. येथे खर्चीवाले म्हणून एक मोठा वर्ग आहे. व्यापाऱ्याकडून सुताची बीमे घ्यायची आणि मजुरीवर कापड विणून द्यायचे, हा त्यांचा व्यवसाय. कापड त्यांचे नसते, सूतही त्यांचे नसते. माग, वीज आणि श्रम त्यांचे. मजुरी पिकावर, म्हणजे एका इंचात पडणाऱ्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर ठरते. आपण काउंटरवर ताग्याचा एक वार कापतो, तेव्हा त्यात असे किती धागे कोणी मोजून घातले, याचा विचार मनात येत नाही. माग पाहिल्यावर येतो.

आणि तेथे उभे राहिल्यावर आणखी एक विचार यायला हवा. या बाजाराची मोठी दुखरी नस म्हणजे उधारी. दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला थांबवितो, तो दलालाला, दलाल विणणाऱ्याला. आणि साखळीच्या शेवटी जो उभा असतो त्याला वीजबिल मात्र वेळेवर भरावे लागते. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे देणे, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत चुकते न केले, तर ते प्रत्यक्ष चुकते केले त्या वर्षीच खर्चात धरता येईल, अशी आयकराची ४३बी(एच) ही तरतूद एप्रिल २०२४ पासून अमलात आली, तेव्हा बाजारात बरीच कुरकुर झाली. तरतुदीच्या गुणदोषांची चर्चा करसल्लागार करोत. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत आचार्यांनी मापात कमी-अधिक करण्याचा आणि मालात भेसळ करण्याचा उल्लेख केला आहे. ज्याचे श्रम झाले त्याचे पैसे आपल्या गल्ल्यात अडकवून ठेवणे त्या यादीत शब्दशः नसेल, पण त्या व्रताच्या आत्म्यापासून ते दूर नाही. ११३५ च्या व्यापाऱ्यांनी माल पेठेत येताच धर्माचा हिस्सा वेगळा काढला. आपण माल पेठेत येताच विणणाऱ्याचा हिस्सा वेगळा काढावा. यात्रेचे याहून मोठे फळ कोणते?

पाणी

शेवटी पाण्याविषयी. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरते म्हणजे काय, हे आपल्या घरांना सांगावे लागत नाही. खालच्या फडताळातील माल वर चढविणे, शटरपुढे फळ्या लावणे, गुडघाभर पाण्यातून गिऱ्हाईकाला वाट करून देणे, हे आपण केले आहे. महापालिकेने भूमिगत टाक्या बांधल्यापासून पाणी लवकर ओसरते, आणि पूर्वीही ते काही तासांनी उतरत असे. शिरोळ तालुक्यात २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी चढले, तेव्हा ते अनेक दिवस उतरले नाही. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, खिद्रापूर ही गावे पाण्याने वेढली गेली. माणसे होडीने निघाली, जनावरे दावणीला राहिली, उभा ऊस कुजला. अलमट्टीच्या पाण्याचा वाद दोन राज्यांत चालू आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो.

पुराच्या दिवसांत मुंबईहून मदतीचे ट्रक जातात, ही आपल्या समाजाची चांगली रीत आहे. परंतु पूर ओसरल्यावर तेथील माणसे दोन वर्षे सावरत असतात, त्या काळात कोणी फिरकत नाही. त्या वेळी जाणारा यात्रेकरू मोठे काम करतो. तो गावात राहतो, पेढे घेतो, रिक्षा करतो, मंदिराच्या जीर्णोद्धाराची पावती फाडतो आणि शाळेत वह्या देतो. हे दान मोठे नसते, पण त्याने माणसाचा कणा ताठ राहतो.

दोन दिवसांचा आराखडा

पहिल्या दिवशी सकाळी जयसिंगपूर, तेथून कुरुंदवाडचा घाट आणि गाव, दुपारी नृसिंहवाडी, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून खिद्रापूर, पौर्णिमा असल्यास रात्री मंडपात, मुक्काम वाडीला किंवा कुरुंदवाडला. पौर्णिमा नसेल तर खिद्रापूर दुपारी उन्हात पाहावे. तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसते. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून नांदणी, नवकारशी कुंभोजला, डोंगर चढून-उतरून तेथेच भोजन, दुपारी इचलकरंजी, रात्री हातकणंगले स्थानकावरून परतीची गाडी. चांदीची आवड असलेल्या भगिनींनी एक दिवस वाढवून हुपरीला जावे. तेथील पैंजण आणि चांदीचे दागिने देशभर जातात आणि घराघरांत ते घडताना पाहता येतात.

जाताना दोन नियम घ्यावेत. पहिला, प्रत्येक मंदिरात दर्शनानंतर त्या गावच्या एका तरी श्रावकाशी पाच मिनिटे बोलावे. त्याचे शेत, त्याचे घर, मागच्या पुरात कुठवर पाणी आले होते, हे विचारावे. दुसरा, परत आल्यावर आपल्या वहीत उधारीचे पान उघडून, त्या पंचक्रोशीतील कोणाचे देणे बाकी असेल तर ते आधी चुकते करावे.

मंदिर दगडाने बांधले जाते, पण शतकानुशतके ते उभे राहते त्याच्या भोवतीच्या गावामुळे. पूर येतो तेव्हा त्या गावचे पाटील आणि मगदूम मूर्तीची काळजी आधी घेतात आणि मग आपल्या घराकडे वळतात. आपण दर्शनाला जातो ते त्यांनी राखलेल्या भगवंताच्या. म्हणून तीर्थाला जाताना ज्या गावाने तीर्थ राखले, त्या गावालाही भेटून यावे.

जय जिनेंद्र.